घर सजवताना : रंग शेवटी, ओल आधी

गणपती उठले की गावात दोन माणसांचा भाव एकदम वधारतो. एक रंगारी आणि दुसरा सुतार. पितृपक्षात नवे काम नको म्हणून लोक थांबतात आणि घटस्थापना झाली की सगळ्यांना एकाच वेळी घाई सुटते. दिवाळीच्या आत रंग झाला पाहिजे, कपाट बसले पाहिजे, जमल्यास दिवाणखान्याला फॉल्स सीलिंगही झाले पाहिजे. वर्षभर साठवलेला पैसा, कधी सोसायटीचे कर्ज, कधी बोनस या एका महिन्यात घराच्या भिंतींवर लागतो. घर सुंदर असावे ही इच्छा चांगलीच आहे. नीटनेटक्या, प्रसन्न घरात माणसाचे मनही प्रसन्न राहते, हे सांगायला डॉक्टरची गरज नाही.

मग आरोग्याच्या सदरात सजावटीचा विषय कशाला, असे वाचकांना वाटेल. त्याचे कारण असे की, दिवाळीनंतरच्या दोन-तीन महिन्यांत माझ्याकडे येणाऱ्या काही तक्रारींचे मूळ या सजावटीत सापडते. एक उदाहरण सांगतो.

एका खोकल्याची गोष्ट

ओळखीचे एक शिक्षक आपल्या पाच वर्षांच्या मुलीला घेऊन आले. तीन आठवडे खोकला. रात्री जास्त, पहाटे तर झोपूच देत नाही. ताप नाही, वजन घटलेले नाही. (दोन आठवड्यांपेक्षा अधिक काळ खोकला टिकला तर क्षयासह इतर कारणांची तपासणी करून घ्यावीच लागते. ती केली, काही निघाले नाही.) छातीत थोडी घरघर होती. औषध दिले की कमी होई, आठ दिवसांनी पुन्हा सुरू. "डॉक्टर, औषध बदलून बघू या का?" असे वडील विचारू लागले.

खरा धागा मुलीच्या आजीने दिला. त्या म्हणाल्या, "डॉक्टरसाहेब, मी अडाणी बाई, पण एक सांगते. पोर मामाच्या गावाला गेली की एकदा खोकत नाही. घरी आली की दुसऱ्या रात्री सुरू."

"आजी, हे आधी का नाही सांगितलंत?" मी विचारले.

"तुम्ही विचारलं नाहीत," आजी म्हणाल्या. चूक माझीच होती.

पुढे सत्यनारायणाच्या प्रसादाला त्यांच्या घरी जाण्याचा योग आला. मुलीसाठी खास खोली सजवली होती. एका भिंतीवर फुलाफुलांचा वॉलपेपर, गुलाबी रंग, छतापर्यंत नवे प्लायवूडचे कपाट, प्रदर्शनातून आणलेला जाड गालिचा, मखमली पडदे, पलंगावर डझनभर कापसाची खेळणी. पाहुणे कौतुक करीत होते. मी वॉलपेपरच्या भिंतीला हात लावला. भिंत गार आणि ओलसर होती. पलीकडे न्हाणीघर होते. कपाट जिथे बसवले तिथे पूर्वी खिडकी होती. "कपाटासाठी तीच एक सोयीची जागा होती," शिक्षक म्हणाले.

या खोलीत नजरेला खटकावे असे काहीच नव्हते. जे खटकत होते ते श्वासाला. सजावट करताना आपण नेहमी डोळ्यांचा विचार करतो. परंतु घर फक्त डोळ्यांनी वापरले जात नाही. फुप्फुसे, त्वचा, म्हाताऱ्यांचे पाय आणि रांगत्या मुलांचे हातही ते वापरतात. म्हणूनच घरावर खर्च करताना क्रम कोणता ठेवावा, हे आज पाहू या.

पहिला मान ओलीला

भिंतीला ओल येण्याची कारणे साधारणतः चार असतात. गच्चीतून किंवा पत्र्यातून गळणारे पाणी, भिंतीतल्या नळाची गळती, पागोळीचे किंवा तुंबलेल्या पन्हाळीचे पाणी भिंतीवरून ओघळणे, आणि पायाशी साचलेले पाणी जमिनीतून भिंतीत वर चढणे. दिव्याची वात जसे तेल वर ओढते तसेच वीट पाणी वर ओढते. म्हणून जमिनीलगतच्या दोन-तीन फुटांत पोपडे निघतात.

ओलसर भिंतीवर बुरशी वाढते. काळे, हिरवट ठिपके दिसतात, कपाट उघडले की कुबट वास येतो. या बुरशीचे डोळ्यांना न दिसणारे कण हवेत मिसळतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल आणि बुरशी यांविषयी मार्गदर्शक पुस्तिका प्रसिद्ध केली. ओलसर घरात राहणाऱ्यांमध्ये दमा, खोकला, घरघर आणि श्वसनमार्गाच्या इतर तक्रारी अधिक आढळतात, असे तीत स्पष्ट म्हटले आहे.

आता आपण करतो काय? पोपडे खरवडतो, लांबी भरतो आणि वर महागडा रंग देतो. पुढच्या पावसाळ्यात पोपडे परत येतात आणि आपण रंगाच्या कंपनीला नावे ठेवतो. त्याहून वाईट म्हणजे ओल झाकण्यासाठी भिंतीवर वॉलपेपर किंवा प्लॅस्टिकच्या पट्ट्या ठोकणे. बाहेरून भिंत देखणी होते आणि आत बुरशीला अंधार, ओल आणि खायला कागद-खळ असे तिन्ही मिळते. जखम न धुता वर पट्टी बांधावी तसा हा प्रकार आहे.

म्हणून रंगाऱ्याच्या आधी प्लंबर व गवंडी यांना बोलवावे. गळती थांबवून भिंत पूर्ण सुकू द्यावी. नव्या गिलाव्यावरही लगेच रंग देऊ नये, त्याला सुकायला काही आठवडे लागतात. थोडी बुरशी असेल तर नाकातोंडाला फडके बांधून, खिडक्या उघड्या ठेवून साबणाच्या पाण्याने घासून काढावी. ब्लीचिंगचे द्रावण वापरल्यास त्यात संडास साफ करण्याचे ॲसिड कधीही मिसळू नये. दोन्ही एकत्र आल्यास क्लोरीनचा विषारी वायू निघतो.

जुन्या काळच्या चुन्याच्या सफेदीला आपण आज कमी लेखतो. चुना तीव्र अल्कधर्मी असल्याने त्यावर बुरशी सहजी धरत नाही आणि भिंतीतला ओलावा त्यातून बाहेर पडू शकतो. मागच्या खोल्या, माजघर, गोठ्याकडची भिंत यांना आजही चुन्यासारखा स्वस्त व चांगला उपाय नाही. मात्र चुना कालवताना तो डोळ्यांत उडणार नाही याची काळजी घ्यावी.

रंगातले विष : जुनी गोष्ट, आजही खरी

१७७५ साली कार्ल शील या स्वीडनमधील रसायनशास्त्रज्ञाने एक सुरेख हिरवा रंग शोधला. एकोणिसाव्या शतकात युरोपात भिंतीवर लावायच्या कागदांसाठी असे हिरवे रंग फार लोकप्रिय झाले. परंतु त्यात तांब्याबरोबर आर्सेनिक, म्हणजे आपल्याकडे ज्याला सोमल म्हणतात ते विष होते. अशा खोल्यांत राहणारी माणसे आजारी पडत असल्याच्या तक्रारी येऊ लागल्या. १८९० च्या दशकात इटलीतील बार्तोलोमेओ गोझिओ यांनी दाखवून दिले की, अशा रंगावर बुरशी वाढली तर लसणासारखा वास असलेला आर्सेनिकयुक्त वायू तयार होतो. म्हणजे भिंतीची ओल आणि रंगातले विष यांची गाठ सव्वाशे वर्षांपूर्वीच दिसून आली होती.

दुसरी गोष्ट ऑस्ट्रेलियातली. तिथल्या क्वीन्सलँड प्रांतातील ब्रिस्बेन शहरात लहान मुलांना शिशाची विषबाधा होत होती आणि शिसे येते कुठून हे कळत नव्हते. डॉ. लॉकहार्ट गिब्सन या नेत्रतज्ज्ञांनी १९०४ साली बोट ठेवले ते घराच्या व्हरांड्यावरच्या रंगवलेल्या कठड्यांवर. उन्हाने रंगाची भुकटी होई, मुले कठड्याला हात लावीत आणि तीच बोटे तोंडात घालीत. क्वीन्सलँडने १९२२ साली अशा रंगावर कायद्याने बंधने घातली.

आपल्याकडे केंद्र सरकारने २०१६ साली नियम काढले आणि ते १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. त्यानुसार घरगुती व सजावटीच्या रंगात शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा अधिक असता कामा नये. त्यामुळे आज डबा घेताना त्यावर शिशाविषयीची माहिती छापलेली आहे का ते पाहावे. बिनबिलाचा, बिननावाचा स्वस्त ऑइलपेंट घेऊ नये. कारखान्यासाठी किंवा यंत्रांसाठी असलेला रंग "पक्का असतो" म्हणून घराच्या दाराखिडक्यांना लावू नये. पूर्वी शिसे विशेषतः पिवळ्या, लाल, नारिंगी आणि हिरव्या झगझगीत ऑइलपेंटमध्ये वापरले जाई.

खरा धोका मात्र नव्या रंगापेक्षा जुन्या थरांचा आहे. वडिलांच्या, आजोबांच्या काळातील दारे-खिडक्या, जिन्याचे कठडे, लोखंडी पलंग, पाळणे यांवर रंगाचे पाच-सहा थर असतात. रंगारी काचपेपरने ते कोरडेच घासतो आणि घरभर बारीक धूळ उडते. ही धूळ भांड्यांवर, फरशीवर, रांगत्या बाळाच्या हातांवर बसते. प्रौढ माणसाच्या तुलनेत लहान मूल पोटात गेलेले शिसे चार-पाच पट अधिक शोषून घेते. मुलाच्या शरीरात लोह व कॅल्शियम कमी असेल तर आणखी अधिक. शिशामुळे रक्तक्षय, पोटदुखी, बद्धकोष्ठ होऊ शकते. त्याहून गंभीर म्हणजे वाढत्या मेंदूवर परिणाम होतो. मूल अभ्यासात मागे पडते, एकाग्र होत नाही, आणि झालेले नुकसान पुरते भरून येत नाही. रक्तातील शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित मानता येत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

तेव्हा जुना रंग काढताना एवढे करावे :

- पृष्ठभागावर पाणी शिंपडून, ओला ठेवूनच घासावा. जुना रंग दिव्याने जाळून काढू नये.
- खाली प्लॅस्टिकचा कागद अंथरावा. भुकटी झाडूने उडवू नये, ओल्या फडक्याने टिपून घ्यावी.
- गरोदर स्त्रिया व लहान मुले यांना त्या दिवसांत दुसऱ्या घरी किंवा निदान दुसऱ्या खोलीत ठेवावे.
- रंगाऱ्यालाही तोंडाला बांधायला चांगला मास्क द्यावा, आणि जेवणापूर्वी हात धुवायला साबण द्यावा. तोही कुणाचा तरी बाप आहे.

भिंतीसाठी पाण्यात कालवायचे रंग निवडावेत. टर्पेंटाइनच्या रंगाचा वास डोके धरतो, दम्याच्या रोग्याला त्रास देतो. कोणताही रंग दिल्यावर वास पुरता जाईपर्यंत त्या खोलीत झोपू नये. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी रंग संपवून त्याच रात्री दारे लावून झोपणे हे निश्चितच टाळावे.

नव्या कपाटाचा वास

नवे कपाट उघडले की डोळे चुरचुरतात, नाकाला झिणझिण्या येतात, हा अनुभव अनेकांना असेल. प्लायवूड, पार्टिकल बोर्ड, एमडीएफ अशा फळ्या ज्या गोंदाने जोडतात त्यातून बहुधा फॉर्मल्डिहाइड नावाचा वायू निघत असतो. पहिले काही महिने तो जास्त निघतो, मग हळूहळू कमी होतो. उष्णता आणि दमटपणा वाढला की त्याचे प्रमाणही वाढते. डोळे, नाक, घसा यांना तो त्रासदायक आहेच. शिवाय कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने २००४ साली तो मानवात कर्करोग निर्माण करणारा पदार्थ म्हणून नोंदवला आहे.

याचा अर्थ कपाट करूच नये असा नाही. फळी घेताना कमी वायू सोडणारा प्रकार मागावा. त्यावर ई-१ किंवा ई-० असा शिक्का असतो. कापलेल्या कडा उघड्या न ठेवता सुताराकडून पट्टी लावून बंद करून घ्याव्यात. काम झाल्यावर काही आठवडे कपाटाची दारे आणि खोलीच्या खिडक्या दिवसा उघड्या ठेवाव्यात. लहान मुलाच्या झोपायच्या खोलीत शक्यतो सगळेच नवे लाकूडकाम एकदम करू नये. आजोबांचे सागवानी कपाट अडगळीत असेल तर ते पॉलिश करून घ्यावे. ते दिसायलाही भारदस्त दिसते. त्यावर रंगाचे जुने थर असतील तर वर सांगितलेली काळजी मात्र घ्यावी.

पडदे, गालिचे आणि गाद्या

धुळीत एक प्रकारचे अतिसूक्ष्म किडे असतात. नुसत्या डोळ्यांना ते दिसत नाहीत. आपल्या त्वचेचे गळलेले कण हे त्यांचे अन्न, आणि उबदार, दमट गादी हे त्यांचे घर. ते चावत नाहीत, परंतु त्यांच्या विष्ठेचे कण श्वासातून गेले की अनेकांना शिंका, सर्दी, दमा यांचा त्रास होतो. जाड गालिचा, मखमली पडदे, कापूस भरलेली खेळणी ही त्यांची आवडती ठिकाणे.

दम्याचा रोगी असलेल्या घरात गालिचा नकोच. सतरंजी, चटई किंवा सोलापुरी चादर अंथरावी. ती झटकता येते, धुता येते आणि रंगसंगतीतही कमी नसते. पडदे सुती, हलके आणि महिन्या-दोन महिन्यांनी धुता येतील असे असावेत. चादरी व उशांचे अभ्रे दर आठवड्याला कडक गरम पाण्यात (५५ ते ६० अंश सेल्सिअस) धुवावेत. गाद्या उन्हात टाकण्याची आपल्या आई-आजीची सवय शास्त्राला धरूनच होती.

खिडकी ही शोभेची वस्तू नव्हे

सजावटीत सर्वांत आधी बळी जातो तो खिडकीचा. कुणी कपाटासाठी बुजवतो, कुणी एसीसाठी बंद करतो, तर कुणी न्हाणीघराचा झरोका "घाण दिसतो" म्हणून काच लावून टाकतो. राष्ट्रीय इमारत संहितेनुसार कोरड्या उष्ण हवामानात खिडक्यांचे क्षेत्रफळ खोलीच्या मजल्याच्या निदान एक-दशांश आणि दमट उष्ण हवामानात एक-षष्ठांश असावे. म्हणजे दहा बाय दहाच्या खोलीला कोरड्या भागात निदान दहा चौरस फूट आणि कोकणात सोळा-सतरा चौरस फूट. आपल्या घरात फूटपट्टी घेऊन एकदा मोजून पाहावे. समोरासमोर दोन उघड्या जागा असतील तर हवा खेळती राहते, ओल सुकते, एकाचा सर्दी-खोकला दुसऱ्याला लागण्याचे प्रमाणही कमी होते.

न्हाणीघराचा झरोका बंद करणे तर जिवावर बेतू शकते. गॅसचा गीझर आत बसवलेला असेल आणि हवा येण्याजाण्यास वाट नसेल तर कार्बन मोनॉक्साइड हा वायू साचतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्टपणे बांधला जातो. डोके जड होते, मळमळते, चक्कर येते आणि दार उघडायचे भान राहण्यापूर्वीच माणूस कोसळतो. नवीन टाइल्स, नवी काचेची खिडकी असे सुंदर न्हाणीघर करताना गॅसचा गीझर बाहेर, मोकळ्या हवेत बसवून घ्यावा. सध्या आत असेल तर झरोका कायम उघडा ठेवावा आणि बादली भरून, गीझर बंद करून मगच आत आंघोळीला जावे.

दिव्यांविषयी थोडे. एलईडीचे बल्ब घेताना खोक्यावर रंगाचा आकडा लिहिलेला असतो. २७०० ते ३००० म्हणजे पिवळसर, सौम्य प्रकाश. ६५०० म्हणजे पांढरा, प्रखर. स्वयंपाकाच्या ओट्यावर व अभ्यासाच्या टेबलावर पांढरा ठीक आहे. झोपण्याच्या खोलीत पिवळसरच बरा, कारण रात्री उशिरापर्यंत प्रखर पांढरा प्रकाश डोळ्यांवर पडल्यास झोप लांबते. उजव्या हाताने लिहिणाऱ्या मुलाला प्रकाश डावीकडून यावा, म्हणजे वहीवर हाताची सावली पडत नाही.

चकचकीत फरशी आणि म्हातारी माणसे

आरशासारखी फरशी आज प्रतिष्ठेची खूण झाली आहे. परंतु तिच्यावर चार थेंब पाणी सांडले की काय होते हे अस्थिरोगतज्ज्ञांना विचारावे. वृद्ध माणूस घसरून पडला आणि खुब्याचे हाड मोडले तर शस्त्रक्रिया, अंथरुण आणि परावलंबन यांची मालिका सुरू होते. काही जण त्यातून पुन्हा पूर्वीसारखे चालू शकत नाहीत. पाच वर्षांपूर्वी सजवलेल्या घरात हा खर्च सजावटीच्या खर्चापेक्षा अधिक होतो, दुःख तर वेगळेच.

न्हाणीघर, संडास, मोरी आणि अंगणाची पायरी येथे खरखरीत, न घसरणारी फरशीच बसवावी. दिवाणखान्यातही फार चकचकीत न घेता थोडी मंद झळाळीची घ्यावी. संडासात व न्हाणीघरात भिंतीला पक्के हँडल बसवावे. टॉवेल टांगायच्या नळीला धरून माणूस उठायला जातो आणि नळीसकट खाली येतो. एका पायरीने खोलगट केलेला दिवाणखाना दिसायला छान, पण मोतीबिंदू झालेल्या डोळ्यांना ती पायरी दिसत नाही. ती असेलच तर कडेला वेगळ्या रंगाची पट्टी बसवावी. सुटी पायपुसणी, घसरणारे छोटे गालिचे काढून टाकावेत. आणि पलंगापासून संडासापर्यंतच्या वाटेवर रात्रभर एक मंद दिवा असावा.

शोभेची झाडे

घरात हिरवळ असावी, मन रमते. मात्र मनीप्लँटची बाटली, बांबूच्या काड्यांची काचेची कुंडी, फुलदाणी आणि कुंडीखालची बशी यांतल्या स्वच्छ, साचलेल्या पाण्यात डेंग्यू पसरवणारा डास अंडी घालतो. अंड्यापासून डास व्हायला आठवडा ते दहा दिवस लागतात. म्हणून दर आठवड्याला ठरलेल्या वारी हे पाणी ओतून, भांडे आतून घासून, नवे पाणी भरावे. भांड्याच्या कडेला अंडी चिकटलेली असतात, म्हणून नुसते पाणी बदलून भागत नाही.

मोठ्या ठिपकेदार पानांचे डिफेनबॅकिया हे झाड अनेक दिवाणखान्यांत दिसते. त्याचे पान लहान मुलाने चावले तर त्यातील सुईसारख्या बारीक स्फटिकांमुळे जीभ व ओठ सुजतात, तीव्र आग होते. असे झाल्यास तोंड धुऊन थंड पाणी द्यावे व डॉक्टरांकडे न्यावे. रांगते मूल घरात असेल तर हे झाड उंचावर किंवा बाहेर ठेवावे.

पैसा थोडा असेल तर

वाचक म्हणतील, डॉक्टर, एवढे सगळे करायला पैसा कुठून आणायचा? खरे पाहता वरील बऱ्याच गोष्टींत खर्च कमी होतो, वाढत नाही. प्रश्न क्रमाचा आहे. माझ्या मते तो असा असावा. प्रथम गळती व ओल. मग खिडक्या, झरोके आणि डासांसाठी जाळ्या. त्यानंतर न्हाणीघराची फरशी आणि हँडल. त्यानंतर दिवे. मग रंग. आणि उरलेल्या पैशात कपाट, पडदे, शोभेच्या वस्तू.

सुंदर दिसण्यासाठीही या क्रमाने काही बिघडत नाही. ओल गेलेल्या भिंतीवर साधा फिकट रंगही उठून दिसतो. छताला पांढरा आणि भिंतीला फिका रंग दिल्यास तोच दिवा अधिक उजेड देतो. खिडकीसमोरच्या भिंतीवर आरसा लावला तर लहान खोली मोठी व उजळ वाटते. एखादे वारली पद्धतीचे चित्र, आईने विणलेला रुमाल, पितळेची जुनी समई घासून ठेवली तरी कोपरा खुलतो. घरात सामान जेवढे कमी, तेवढी धूळ कमी आणि केर काढणाऱ्या बाईची पाठ तेवढी सुखी.

कुठे काय ठेवावे, कोणत्या दिशेला तोंड असावे हे सांगणारे आज पुष्कळ आहेत. मी एवढेच सांगेन की पैसे देण्यापूर्वी तीन गोष्टी करून पाहाव्यात. भिंतीला तळहात लावून पाहावा, गार-ओलसर लागते का? खोलीच्या मध्यभागी उभे राहून श्वास घ्यावा, कुबट वास येतो का? आणि घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारावे, तुम्हाला कुठे पडायची भीती वाटते? या तीन प्रश्नांची उत्तरे मिळाली की निम्मी योजना तयार झाली असे समजावे.

आता त्या मुलीचे काय झाले ते सांगतो. शिक्षकांनी वॉलपेपर काढला. मागची सारी भिंत काळी पडली होती. न्हाणीघरातल्या नळाचा एक सांधा गळत होता. दुरुस्तीला एका दिवसाची मजुरी लागली. कपाट दुसऱ्या भिंतीला सरकवले, खिडकी मोकळी झाली. गालिचा पाहुण्यांच्या खोलीत गेला आणि बारा खेळण्यांपैकी मुलीने स्वतः निवडलेली दोन राहिली, तीही दर रविवारी धुतली जाऊ लागली. भिंत सुकेपर्यंत मुलगी आजीजवळ माजघरात झोपली. औषध मी चालूच ठेवले होते, तेव्हा सगळे श्रेय खिडकीला देणे बरोबर नाही. परंतु पुढच्या हिवाळ्यात ते औषध हळूहळू कमी करता आले.

मधे एकदा आजी रक्तदाब तपासायला आल्या होत्या. म्हणाल्या, "खोली आता पहिल्यासारखी सजलेली दिसत नाही हो. पाहुणे कौतुक करीत नाहीत."

"आणि नात?" मी विचारले.

"ती झोपते," आजी म्हणाल्या.

यंदा रंगाऱ्याला बोलावण्यापूर्वी आपणही भिंतीला एकदा हात लावून पाहावा.